अत्याचाराच्या प्रकरणानंतर कॉलेज फुटबॉलला शिक्षा द्यायची, तर ती नेमकी कोणाला?

रानजाई

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघाला एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने, २०१२ मध्ये दिलेली शिक्षा फार कडक होती की फार सौम्य, यावर अजूनही भांडणं होतात. मला त्याआधीचा प्रश्न पडला आहे. ती शिक्षा लागली कोणाला?

प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेरी सँडस्की हा पेन स्टेटचा अनेक वर्षांचा सहायक प्रशिक्षक. १९७७ मध्ये त्याने गरजू मुलांसाठी 'द सेकंड माइल' ही संस्था काढली आणि त्या वाटेनेच मुलं त्याच्या तावडीत सापडत गेली. १९९८ मध्ये एका आईच्या तक्रारीवरून विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, पण खटला उभा राहिला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, तरी फुटबॉलच्या इमारतीत ये-जा चालूच होती. २००१ मध्ये प्रशिक्षकांच्या ताफ्यातल्याच एकाने त्याला लॉकर रूममध्ये एका मुलाबरोबर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या कानावर घातलं. तिथून गोष्ट क्रीडा संचालक, उपाध्यक्ष आणि अध्यक्ष यांच्यापर्यंत गेली. बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत मात्र गेली नाही. अटक झाली ५ नोव्हेंबर २०११ ला. जून २०१२ मध्ये ४८ पैकी ४५ आरोप सिद्ध झाले आणि ऑक्टोबरमध्ये ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली.

एनसीएएने २३ जुलै २०१२ ला जाहीर केलेली शिक्षा अशी: ६ कोटी डॉलर दंड, चार वर्षं बाउल सामन्यांना (हंगाम संपल्यावरच्या मानाच्या सामन्यांना) बंदी, शिष्यवृत्त्या ८५ वरून ६५ वर, १९९८ ते २०११ मधले सगळे विजय रद्द, पाच वर्षं प्रोबेशन (देखरेखीखालचा काळ) आणि एक स्वतंत्र निरीक्षक.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं: यातल्या कुठल्या कलमाने खरोखर काही साधलं? एक-दोन हंगाम संघच बंद ठेवायला हवा होता का? आणि असं प्रकरण आज घडलं, तर शिक्षेची रचना कशी असावी? "दोषींना कडक शासन व्हावं" एवढ्यावर कोणाचंच दुमत नाही, त्यामुळे त्यापुढचं लिहा.

नोंदवही

एकेक कलम उलगडून बघितलं की उत्तर बरंचसं हाती येतं.

आधी शिष्यवृत्त्या. २०१३ साली भरती होणारा १८ वर्षांचा मुलगा १९९५ च्या आसपास जन्मलेला. २००१ मध्ये जेव्हा वरिष्ठांनी ती गोष्ट दाबली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. म्हणजे तो स्वतःच लहान मूल होता. त्याची जागा कापून शिक्षा कोणाला झाली? २० जागा आणि चार हंगाम असा हिशेब केला तर ८० वर्षांचं शिक्षण होतं. एनसीएएलाही ते जड गेलं असावं, कारण सप्टेंबर २०१३ पासूनच जागा परत द्यायला सुरुवात झाली आणि २०१५ च्या हंगामासाठी त्या पूर्ववत झाल्या.

बाउलबंदीचंही तसंच. ज्या खेळाडूंना सोडून जायचं होतं, त्यांना एक वर्ष बाहेर न बसता दुसरीकडे खेळायची सवलत दिली. ते कलम योग्यच होतं आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) सायलस रेडसारखे काही जण गेलेही. राहिलेल्यांनी नवे मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन यांच्या हाताखाली २०१२ मध्ये ८ जिंकले, ४ हरले. बंदी सप्टेंबर २०१४ मध्ये उठवली. पण याच बंदीच्या शेजारी बिग टेन परिषदेने (पेन स्टेट ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाने) एक वेगळी शिक्षा दिली होती, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. परिषदेच्या बाउल उत्पन्नातला पेन स्टेटचा चार वर्षांचा वाटा, अंदाजे १.३ कोटी डॉलर, रोखून तो बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांकडे वळवला. सामना तोच, पण बंदीने खेळाडूचा हंगाम गेला आणि वाटा रोखल्याने संस्थेची कमाई गेली. माझ्या मते सगळ्या चर्चेचं मर्म या फरकात आहे.

विजय रद्द करणं हे सगळ्यात पोकळ कलम. अपात्र खेळाडूला खेळवून सामना जिंकला, तर तो निकाल खोटा ठरतो, म्हणून ही शिक्षा मुळात आहे. इथे एकही खेळाडू अपात्र नव्हता. ११२ विजय पुसले, त्यातले १११ पॅटर्नो यांचे. त्यांचा आकडा ४०९ वरून २९८ वर आला आणि पुढची अडीच वर्षं लोक त्या आकड्यावरून भांडत राहिले. ज्या मुलांवर अत्याचार झाले त्यांचं नाव त्या भांडणात कुठे नव्हतं. जानेवारी २०१५ च्या कोर्टातल्या तडजोडीत विजय परत मिळाले आणि चाहत्यांना वाटलं की आपण निर्दोष सुटलो. जी शिक्षा मागे घेतली की दोषमुक्तीसारखी भासते, ती द्यायलाच नको होती.

काम केलं ते दंडाने आणि निरीक्षकाने. ६ कोटी हा आकडा फुटबॉलच्या साधारण एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाइतका होता. दरवर्षी १.२ कोटी याप्रमाणे पाच वर्षांत भरायचा होता. आणि त्यात एक फार महत्त्वाची अट होती: दंडाचे पैसे उभे करायला दुसरा कुठलाही खेळ बंद करायचा नाही, खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या कापायच्या नाहीत. ही अट नसती तर पहिली कुऱ्हाड कुस्ती, जलतरण, जिम्नॅस्टिक्स यांवर पडली असती, कारण क्रीडा विभागात पैसा कमी पडला की बळी नेहमी न कमावणाऱ्या खेळांचाच जातो.

पैसा कुठे जावा यावरून मात्र मोठं भांडण झालं. एनसीएएला तो देशभर वाटायचा होता. पेनसिल्व्हेनियाने २०१३ मध्ये कायदा करून तो राज्यातच खर्च व्हावा असं ठरवलं आणि राज्याचे सिनेटर जेक कॉर्मन कोर्टात गेले. शेवटी ४.८ कोटी राज्याकडे आणि १.२ कोटी विद्यापीठातल्या बालसंरक्षणाच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी, अशी वाटणी झाली. यातून शिकायचं ते हे की दंडाची रक्कम ठरते त्याच कागदावर तो कोणाच्या हाती जाणार, किती दिवसांत जाणार आणि खर्चाचा हिशेब कोण तपासणार हे लिहिलेलं हवं. इथे ते मोघम राहिलं आणि मुलांच्या कामी येणारा पैसा अडीच वर्षं अडकून पडला.

तिसरा पंच

नोंदवहींनी कलमांचा हिशेब मांडला. मला अधिकाराबद्दल बोलायचं आहे, कारण अन्यायाची सुरुवात तिथूनच होते.

एनसीएएची नियमावली ही भरती, पात्रता, लाभ आणि अभ्यास यांची नियमावली आहे. बालअत्याचार हा गुन्हा आहे. तो खेळाच्या नियमांचा भंग नाही. पेन स्टेटच्या वेळी एनसीएएने नेहमीची प्रक्रिया वापरलीच नाही. आरोपपत्र नाही, नियमभंग समितीपुढे सुनावणी नाही, अपील नाही. विद्यापीठाने स्वतः चौकशीसाठी नेमलेल्या एफबीआयच्या माजी प्रमुखांचा, लुई फ्री यांचा, अहवाल १२ जुलैला आला आणि ११ दिवसांत तोच आधार धरून अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांच्याकडून संमतीपत्रावर सही घेतली. पुढे कॉर्मन यांच्या खटल्यात एनसीएएचे अंतर्गत ई-मेल बाहेर आले. आपल्याला हा अधिकार खरोखर आहे का, याची शंका त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्यात मांडली होती. पाया असा कच्चा होता म्हणूनच २०१५ ची तडजोड झाली.

आता हीच संस्था पुढच्या प्रकरणांत कशी वागली पाहा. मिशिगन स्टेट विद्यापीठात डॉक्टर लॅरी नासरने शेकडो मुलींवर अत्याचार केले. विद्यापीठाने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली: ३३२ जणांसाठी ४२.५ कोटी आणि पुढे येऊ शकणाऱ्यांसाठी ७.५ कोटी राखीव. एनसीएएने त्याच वर्षी चौकशी केली आणि आमच्या नियमांचा भंग दिसत नाही असं सांगून फाइल बंद केली.

टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाचं उदाहरण तर पाठ करून ठेवावं असं आहे. फुटबॉल खेळाडूंवरच्या लैंगिक हिंसेच्या तक्रारी दाबल्या गेल्या, २०१६ मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढलं, अध्यक्षांचं पद गेलं. एनसीएएच्या समितीचा निर्णय आला ऑगस्ट २०२१ मध्ये: चार वर्षं प्रोबेशन आणि ५,००० डॉलर दंड, तोही इतर बाबींसाठी. कारण काय दिलं? तक्रारी न नोंदवण्याचा दोष संपूर्ण विद्यापीठात पसरलेला होता, म्हणून खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा जास्तीचा लाभ मिळाला असं म्हणता येत नाही. नियमावली अशी आहे की दुर्लक्ष सगळ्यांच्याच बाबतीत झालं असेल तर नियमभंग उरतच नाही. समितीने नियम वाचला तो बरोबरच वाचला. अशा गुन्ह्यासाठी तो नियम बनलेलाच नाही.

तेव्हा एका ठिकाणी ६ कोटी आणि दुसरीकडे ५ हजार, हा फरक गुन्ह्याच्या गांभीर्यातून आलेला नाही. त्या महिन्यात जनक्षोभ किती होता आणि विद्यापीठ सही करायला किती घाबरलेलं होतं, यातून तो आला आहे.

ज्यांना खरोखर अधिकार आहे ते तीन. एक, फौजदारी न्यायालय. पेन स्टेटचे क्रीडा संचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांनी २०१७ मध्ये मुलांचं हित धोक्यात आणल्याचा गुन्हा कबूल केला. अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर दोषी ठरले आणि अपिलांनंतर २०२१ मध्ये सुमारे दोन महिने तुरुंगात राहिले. दोन, दिवाणी दावे. तीन, केंद्रीय शिक्षण खातं, ज्याच्या हाती टायटल नाइन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) आणि क्लेरी कायदा आहेत. क्लेरी कायद्याखाली कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंद आणि सूचना बंधनकारक आहे. पेन स्टेटला २०१६ मध्ये त्याखाली जवळपास २४ लाख डॉलर दंड झाला, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख. ज्याचं फुटबॉल वर्षाला ६ कोटी कमावतं त्याला २४ लाख म्हणजे साधारण दोन आठवड्यांची कमाई. कायदा दंड प्रत्येक उल्लंघनामागे मोजतो, उत्पन्नाच्या प्रमाणात मोजत नाही, म्हणून आकडा लहान राहतो. मला विचाराल तर सुधारणा पहिली इथे हवी.

अनेकांचा आणखी एक गैरसमज असतो. नासर प्रकरणानंतर २०१८ मध्ये जो सेफस्पोर्ट कायदा आला, त्याखालचं केंद्र ऑलिंपिक व्यवस्थेतल्या खेळसंघटनांसाठी आहे. कॉलेजचा संघ निव्वळ कॉलेजचा म्हणून त्याच्या कक्षेत येत नाही.

कोरा कागद

वरच्या दोन्ही प्रतिसादांतलं बरंच पटतं, तरी एका जागी मी अडतो. खेळाडू निर्दोष आहेत म्हणून संघाला हात लावू नका, असं म्हटलं की ज्या सत्तेमुळे हे सगळं दडपलं गेलं ती सत्ता शाबूत राहते.

फ्री अहवालात २००० सालचा एक प्रसंग आहे. सफाई कामगारांपैकी एकाने सँडस्कीला मुलाबरोबर पाहिलं. त्याने सहकाऱ्यांना सांगितलं, पण कोणी तक्रार केली नाही, कारण फुटबॉलच्या विरोधात गेलो तर नोकरी जाईल अशी त्यांना भीती होती. ही भीती घालणारा एक माणूस नव्हता. शनिवारी लाखभर लोक ज्या स्टेडियमवर येतात, ज्याच्या नावाने देणग्या येतात, त्या संपूर्ण डोलाऱ्याची ती भीती होती. कर्ली-शुल्ट्झ तुरुंगात गेले म्हणून ती जात नाही. संघ एक हंगाम थांबला तरच कामगाराला, विद्यार्थिनीला, डॉक्टरला कळतं की या विद्यापीठात फुटबॉलपेक्षा मोठं काही आहे.

संघ बंद ठेवण्याच्या विरोधात नेहमी एसएमयूचं (टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं) उदाहरण देतात. १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा पूर्ण हंगाम रद्द केला, १९८८ चा विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला, आणि पुढचा बाउल सामना उजाडायला २००९ साल लागलं. पण एसएमयू कोसळलं ते नेमकं कशामुळे? त्याबरोबर शिष्यवृत्त्या कापल्या, भरतीवर निर्बंध आले आणि बहुतेक सगळे खेळाडू निघून गेले. १९८९ मध्ये संघ उतरला तो जवळपास नवख्या पोरांचा. गुन्हाही तिथे खेळाडूंना पैसे देण्याचा होता, आणि ते तर आज उघड नियमात बसवून दिले जातात. शिक्षा एकावर एक रचल्या गेल्या म्हणून ते घडलं. एकटा थांबलेला हंगाम एवढा नाश करत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: एक हंगाम थांबवा, पण प्रत्येक खेळाडूची शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत पूर्ण चालू ठेवा, वैद्यकीय उपचार आणि अभ्यासाची मदत चालू ठेवा, ज्याला जायचं त्याला त्याच दिवशी मोकळं करा आणि वाया गेलेलं पात्रता-वर्ष (खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांपैकी एक) त्याला परत द्या. दुसरी कोणतीही कपात जोडू नका. आणि हे फक्त तिथे, जिथे स्वतंत्र चौकशीत असं सिद्ध होईल की मुख्य प्रशिक्षक किंवा त्याच्या वरच्या माणसाला माहीत होतं आणि संघाचं नाव वाचवायला त्याने ते लपवलं.

नोंदवही

कोरा कागद, तुमची अट रास्त आहे आणि सफाई कामगारांचा मुद्दा मी हलका धरत नाही. पण हंगाम थांबवला की पैसा कुठून कुठे जातो ते बघा. प्रतिस्पर्ध्यांशी सामन्यांचे करार काही वर्षं आधीच झालेले असतात आणि सामना रद्द करणाऱ्याने भरपाई द्यायची असते. टीव्हीचा करार परिषदेचा असतो, त्यामुळे बाकीच्या विद्यापीठांचंही नुकसान होतं. फुटबॉलच्या उत्पन्नावर बहुतेक सगळे इतर खेळ चालतात, म्हणून महिलांच्या संघांना झळ पहिली बसते. ही गळती भरून काढायला विद्यापीठाने क्रीडा राखीव निधी आधी बाजूला काढला, तरच हंगाम थांबवण्याचा विचार करता येईल. आणि तेवढा निधी असेल तर तो दंड म्हणून थेट पीडितांच्या कामाला का लावू नये, हा माझा प्रश्न उरतोच.

शिवाय भीती थांबलेल्या हंगामाने जात नाही. हंगाम परत सुरू होतो तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हा रस्ता तोच राहिला असेल, तर भीतीही तीच राहते. रस्ता बदलावा लागतो: क्रीडा विभागातला फिजिओ, डॉक्टर, प्रशिक्षक, सफाई कामगार, कोणाचीही तक्रार क्रीडा संचालकाला वगळून बाहेर गेली पाहिजे. डॉक्टर आणि ट्रेनर यांची नेमणूक, पगार, बढती मुख्य प्रशिक्षकाच्या हातात नको.

वसुंधरा_क

रानजाई, तुमचा तिसरा प्रश्न, आज रचना कशी असावी, त्याबद्दल लिहिते. क्रम चुकला की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून क्रमानेच सांगते.

तक्रार हाती आली की पहिल्या २४ तासांत पोलीस आणि बालसंरक्षण यंत्रणा. आधी आपण आत चौकशी करू आणि मग ठरवू, हाच पेन स्टेटचा अपराध होता. त्याच दिवशी संबंधित माणसाचं ओळखपत्र, किल्ल्या, इमारतीतला प्रवेश बंद. फोन, ई-मेल, कॅमेऱ्यांचं चित्रण, प्रवासाच्या नोंदी गोठवायच्या, आणि ते काम क्रीडा विभागाच्या माणसाकडे द्यायचं नाही.

मग चौकशी. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला, चौकशी करणारी वकिलांची फर्म विद्यापीठाची वकील म्हणून नेमली जाते आणि सगळं वकील-अशील गोपनीयतेखाली जातं. बेलरमध्ये फर्मने निष्कर्ष तोंडी सांगितले आणि लोकांसमोर आला तो १३ पानांचा गोषवारा. मिशिगन स्टेटने सहा हजारांवर कागदपत्रं याच गोपनीयतेच्या आड ठेवली; ती राज्याच्या महाधिवक्त्यांना द्यायचा निर्णय विश्वस्तांनी घेतला डिसेंबर २०२३ मध्ये, नासरला शिक्षा झाल्यानंतर जवळपास सहा वर्षांनी. नेमणुकीच्या पत्रातच लिहायला हवं की पूर्ण लेखी अहवाल, पीडितांची ओळख झाकून, प्रसिद्ध होईल आणि तो विश्वस्तांच्या ज्या समितीकडे जाईल तिच्यात क्रीडा विभागाचा मोठा देणगीदार नसेल.

दुसरा घोळ म्हणजे शिक्षा आधी आणि निष्कर्ष नंतर. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जुलै २०२३ मध्ये रॅगिंगच्या चौकशीनंतर प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना आधी दोन आठवड्यांचं निलंबन दिलं. पूर्ण अहवाल दिला नाही. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने तपशील छापले आणि तीन दिवसांत निलंबनाचं रूपांतर बडतर्फीत झालं. त्यांनी १३ कोटी डॉलरचा दावा लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली आणि प्रशिक्षकाला माहीत होतं असं पुराव्यातून सिद्ध होत नाही, असं विद्यापीठाला म्हणावं लागलं. रॅगिंग झालं नव्हतं असा याचा अर्थ नाही. पण कोणाला काय माहीत होतं हे लिहून ठेवलेलं नसताना दिलेली शिक्षा टिकत नाही, आणि ती कोसळली की ज्यांनी तोंड उघडलं त्यांच्यावर लोक खोटेपणाचा आळ घेतात.

निष्कर्ष आल्यावर प्रत्येक माणसाला तीन प्रश्न लावायचे. माहीत होतं का? थांबवणं हातात होतं का? गप्प बसल्याने फायदा झाला का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर बडतर्फी "सकारण", म्हणजे उरलेल्या कराराचे पैसे नाहीत. यासाठी करारात आधीच कलम लागतं. नुसतं "गैरवर्तन" लिहून भागत नाही. "अत्याचाराची किंवा त्याच्या संशयाची माहिती मिळूनही २४ तासांत बाहेरच्या यंत्रणेला न कळवणं" हे सकारण बडतर्फीचं कारण म्हणून स्वतंत्र लिहावं लागतं, आणि चौकशी चालू असताना राजीनामा दिला तरी बोनस व निवृत्तीचे लाभ रोखून धरायची मुभा ठेवावी लागते. नाहीतर माणूस जातो आणि लाखो डॉलर घेऊन जातो.

आता संस्थेची शिक्षा. २०१२ चं साचेबंद कोष्टक आज तसंही चालत नाही. २०२५ पासून फुटबॉलची शिष्यवृत्ती-मर्यादा गेली आणि १०५ खेळाडूंची संघमर्यादा आली. खेळाडू आता वर्ष न गमावता विद्यापीठ बदलतात. विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देतं, २०२५-२६ साठी सगळ्या खेळांत मिळून कमाल सुमारे २.०५ कोटी डॉलर. ती मर्यादा कमी करायची सूचना कोणी केली, तर लक्षात घ्या की ती पुन्हा खेळाडूच्याच खिशातून जाते.

एनसीएएची स्वतःची दिशाही बदलली आहे. टेनेसीला २०२३ मध्ये भरतीच्या गैरव्यवहारासाठी बाउलबंदीऐवजी ८० लाख डॉलर दंड केला. मिशिगन विद्यापीठाला (हे मिशिगन स्टेटपेक्षा वेगळं) ऑगस्ट २०२५ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा, म्हणजे डाव कळवायचे इशारे, चोरण्याच्या प्रकरणात समितीने म्हटलं की एकाहून जास्त वर्षांची बंदी योग्य ठरली असती, पण ती आजच्या खेळाडूंवर अन्याय करेल, म्हणून त्याऐवजी दोन वर्षांच्या हंगामोत्तर सामन्यांचं उत्पन्न दंडात धरलं. एकूण दंड काही कोटी डॉलरवर जाईल असा अंदाज तेव्हाच दिला गेला. खुणा चोरण्यासाठी जे मोजमाप वापरता येतं ते अत्याचार लपवण्यासाठी का नको?

माझ्या मते आकडा असा काढावा: ज्या वर्षांत गोष्ट लपवली गेली, त्यातल्या प्रत्येक वर्षासाठी त्या खेळाच्या वार्षिक एकूण उत्पन्नाचा १० टक्के. पेन स्टेटला २००१ ते २०११ धरलं तर रक्कम जवळपास तेवढीच येते, पण ती कशी आली हे सगळ्यांना कळतं आणि पुढच्या विद्यापीठाला गप्प बसण्याची किंमत दरवर्षी वाढताना दिसते. पैसे कशातून काढायचे तेही लिहून द्यावं: प्रशिक्षकांच्या पगाराचा निधी, स्टेडियमचं नूतनीकरण, भरतीचा प्रवास, श्रीमंत देणगीदारांच्या खास बैठकांचं उत्पन्न. शिकवणी शुल्क, इतर खेळ, खेळाडूंचा वाटा आणि विमा यांतून नाही. विम्यातून दंड भरला तर शिक्षा उरत नाही.

निरीक्षक पाच वर्षांसाठी, विद्यापीठाच्या खर्चाने, पण निवड बाहेरून. पेन स्टेटला माजी सिनेटर जॉर्ज मिचेल होते आणि फ्री अहवालातल्या ११९ शिफारशींवर काम कुठवर आलं ते वेळोवेळी जाहीर होत होतं. तो भाग चांगला जमला होता. वर्षभर शिफारस पुढे सरकली नाही तर तेवढ्या वर्षाने मुदत वाढते, असं कलम मात्र जोडावं.

तिसरा पंच

वसुंधरा, १० टक्क्यांची कल्पना पटली, पण ती लावणार कोण? एनसीएएकडे नियम नाही आणि क्लेरी दंड उल्लंघनामागे आहे. मला व्यवहार्य जागा परिषदेच्या करारात दिसते. बिग टेन, एसईसी या विद्यापीठांच्या गटांच्या परिषदा दरवर्षी प्रत्येक सदस्याला टीव्हीच्या उत्पन्नाचा वाटा देतात. सदस्यत्वाच्या करारात असं कलम घातलं की अमुक सिद्ध झाल्यास वाट्यातून अमुक टक्के रोखले जातील, तर कोणाच्या सहीची किंवा नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. पैसा परिषदेच्याच हातातून जातो. २०१२ मध्ये त्यांनी बाउलच्या वाट्यापुरतं हे केलेलंच आहे.

रानजाई

सगळ्यांचे आभार. एक गोष्ट या चर्चेत राहिली. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना या सगळ्यात काय मिळतं? दंड राज्याकडे जातो, निरीक्षक विद्यापीठाकडे.

वसुंधरा_क

दंड आणि भरपाई हे दोन वेगळे खिसे ठेवायचे, एकाची वजावट दुसऱ्यात करू द्यायची नाही. पेन स्टेटने पीडितांना दिलेली भरपाई १० कोटी डॉलरच्या वर गेली, ती ६ कोटींच्या दंडापेक्षा वेगळी होती आणि तसंच असायला हवं. समुपदेशनाचा खर्च तडजोडीवर सही होण्याआधीपासून, विनाअट आणि त्या व्यक्तीने निवडलेल्या तज्ज्ञाकडे. तडजोडीत गप्प राहण्याची अट नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दावा लावायची कायदेशीर मुदत. ओहायो स्टेटमध्ये डॉक्टर रिचर्ड स्ट्रॉसने दोन दशकं खेळाडूंवर आणि इतर विद्यार्थ्यांवर अत्याचार केले. विद्यापीठाच्याच २०१९ च्या अहवालात किमान १७७ पीडित नोंदले आहेत. तरीही दावे आल्यावर विद्यापीठाने कोर्टात मुदत संपल्याचा मुद्दा मांडला आणि २०२१ मध्ये दावे फेटाळले गेले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ते पुन्हा उभे केले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. मधली वर्षं त्या माणसांची गेली. मिशिगनमध्ये नासरनंतर राज्याने कायदा बदलून मुदत वाढवली, पण कायदा बदलायची वाट बघावीच लागते असं नाही. मुदतीचा बचाव प्रतिवादीने स्वतः मांडावा लागतो. तो मांडणार नाही असं विद्यापीठ लिहून देऊ शकतं. शिक्षेच्या कागदावर पहिलं कलम मी हेच घालीन, दंडाच्या आकड्याच्याही आधी, आणि त्याखाली सही अध्यक्षांची नको, विश्वस्त मंडळाच्या ठरावाची हवी, म्हणजे अध्यक्ष बदलले तरी ते मोडता येणार नाही.